फुकटच्या खेळाचे दात मोजताना

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मगाशी चहा घेताना इथल्याच एका काकांनी मला विचारलं, "अहो, फुकटचे खेळ ते. पाच मिनिटं खेळायचं आणि खिडकी बंद करायची. त्यांच्यावर टीका कसली लिहिता?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे म्हणसुद्धा आहे, धर्माची गाय आणि दात का नाय. तर आज तासभर मी दातच मोजणार आहे. (हशा)

कशाबद्दल बोलतेय ते आधी सांगते. ब्राउझरमध्ये उघडणारे छोटे खेळ. काही उतरवून घ्यायचं नाही, पैसे भरायचे नाहीत. एकट्यादुकट्या माणसाने, कधी शनिवार-रविवारच्या सुट्टीत बसून केलेले. पूर्वी हे बहुतेक फ्लॅशमध्ये असायचे. सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून मेल बघायला गेलेली आमची पिढी उरलेली दहा मिनिटं त्यांच्यावर घालवायची. मी बँकेत नोकरी करते, मला खेळ बनवता येत नाहीत. मी खेळते आणि खेळून झालं की वहीत टिपण लिहिते, एवढंच.

आता पहिली अडचण. अशा खेळाला आपण भलतीच फूटपट्टी लावतो. चित्रं साधी आहेत, लगेच संपतो, कंट्रोल बेकार आहेत. 'क्वॉप' घ्या. बेनेट फॉडी यांनी 2008 मध्ये केलेला. शंभर मीटर धावायचं, बस्स. पण धावपटूच्या दोन मांड्यांना क्यू आणि डब्ल्यू ही बटणं, दोन पोटऱ्यांना ओ आणि पी. पहिलं बटण दाबलं की गडी कोलमडतो. दुसऱ्यांदा डोक्यावर आपटतो. माझ्या वहीत पहिल्या दिवशीचं वाक्य आहे: "कंट्रोल भिकार."

ते चुकीचं होतं. बेकार कंट्रोल आणि मुद्दाम अवघड केलेले कंट्रोल यांत फरक कसा करायचा? माझी कसोटी साधी आहे. एकविसाव्यांदा पडले तेव्हा आधीच्या वीस पडण्यांचा काही उपयोग झाला का? क्वॉपमध्ये होतो. पडण्याचं कारण आपल्याच बोटांत सापडतं. हळूहळू एक गुडघा जमिनीला टेकवून खुरडत पुढे सरकायची युक्ती सुचते, आणि हसू येतं, कारण चालणं ही केवढी गुंतागुंतीची गोष्ट आपण रोज न बघता करतो हे त्या चार बटणांनी दाखवलेलं असतं. ज्या खेळात एकविसावं पडणंही पहिल्यासारखंच अनाकलनीय असतं, तिथे "कंट्रोल भिकार" खुशाल लिहा.

दुसरं उदाहरण तुम्ही नक्की खेळला असाल. '2048'. चार बाय चारची चौकट, सोळा घरं. बाण दाबला की सगळ्या सोंगट्या त्या बाजूला घसरत जातात, सारखे आकडे भिडले की त्यांची बेरीज होऊन एकच सोंगटी उरते. प्रत्येक चालीनंतर एक नवी सोंगटी येते, बहुतेक वेळा 2 ची, क्वचित 4 ची. गॅब्रिएले सिरुली या एकोणीस वर्षांच्या इटालियन मुलाने मार्च 2014 मध्ये तो एका वीकेंडला केला आणि कोडसकट फुकट देऊन टाकला.

त्याच्या महिनाभर आधी फोनवर 'थ्रीज' नावाचा खेळ आला होता, विकतचा. ॲशर वॉलमर आणि ग्रेग वोलवेंड वर्षाहून अधिक काळ त्यावर घासत होते. त्यात 1 आणि 2 मिळून 3 होतो आणि मग सारख्यांची जोडी जमते. लोकांना वाटलं 2048 हाच मूळ खेळ. तेव्हा या दोघांनी आपला सगळा पत्रव्यवहार प्रसिद्ध केला, आणि बरोबर एक टीकाही: 2048 आम्ही दोघांनीही पहिल्याच प्रयत्नात जिंकला.

आता यात चिडचिड आहेच. असणारच, वर्षभराची मेहनत होती. पण ही टीका चांगली का, तर ती बोट ठेवून जागा दाखवते. 2048 मध्ये सगळ्यात मोठा आकडा एका कोपऱ्यात बसवायचा, समजा खाली डावीकडे. मग खाली, डावीकडे, आणि गरज पडली तर उजवीकडे. वरचा बाण अगदी अडल्याशिवाय दाबायचाच नाही. एवढा नियम कळला की बऱ्याच चाली आपोआप होतात, विचार करावा लागत नाही. थ्रीजमध्ये सोंगट्या एका वेळी एकच घर सरकतात, पुढची सोंगटी कोणती याची चाहूल आधी मिळते, आणि ती ज्या दिशेला सरकवलं त्याच्या उलट कडेने येते. म्हणजे प्रत्येक चालीत विचार करायला काहीतरी शिल्लक असतं.

मला स्वतःला ही टीका पटते, पण पूर्ण नाही. माझ्या वहीत 2048 बद्दल लिहिलंय: "तीन दिवस मजा. चौथ्या दिवसापासून हात खेळतात आणि डोकं उद्याच्या भाजीचा विचार करतं." मार्चअखेरीला रात्री नऊला बँकेतून सुटलेल्या माणसाला कधीकधी नेमकं तेच हवं असतं! तो दोष की गुण, हे वाचणाऱ्याने ठरवावं. पण चौथ्या दिवशी काय होतं हे लिहिलं नाही, तर त्याला ठरवता कसं येणार?

आणि फुकट म्हणजे काय, तेही बघू. फेसबुकवर शेतीचे खेळ जोरात होते तेव्हा, 2010 मध्ये, इयन बोगोस्ट या अभ्यासकाने त्यांची टर उडवायला 'काऊ क्लिकर' केला. तुम्हाला एक गाय. तिच्यावर क्लिक करायचं. मग सहा तास थांबायचं. पुन्हा क्लिक. दुसरं काही नाही. लिहिण्याऐवजी खेळ करूनच केलेली टीका होती ती. आणि लोक मनापासून खेळायला लागले! शेवटी 2011 मध्ये बोगोस्ट यांनी सगळ्या गाई नाहीशा केल्या. तरी काही जण गाय होती त्या रिकाम्या जागेवर क्लिक करत राहिले. दात सोडा, गायच नाही. (हशा) पैसा गेला नसेल, पण त्या माणसाचे दिवस गेलेच ना? म्हणून टिपणात मी वेळ लिहिते. किती मिनिटांनी बंद केला, पुन्हा उघडावासा वाटला का, आणि वाटला तर कुतूहलाने की नुसत्या चाळ्याने.

हे शहाणपण मला आधीपासून नव्हतं. बऱ्याच वर्षांपूर्वी कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाने फ्लॅशमध्ये एक खेळ केला होता. डोक्यावर हंडा घेऊन टेकडी उतरणारी बाई. एकेक बाण दाबला की एकेक पाऊल, आणि पाणी हिंदकळायचं. मी नेटवर त्याबद्दल एक ओळ लिहिली: "कंटाळवाणा. दोन मिनिटांत बंद केला." आठवड्याभराने त्याचा मेल आला. रागाचा नव्हता. एवढंच होतं, "ताई, कंटाळा नक्की कुठे आला? पहिल्या उतारावर की नंतर?"

मला आठवेना. खरंच आठवेना. पाणी सांडल्यावर काही बिघडत नव्हतं म्हणून कंटाळले, की सगळे उतार सारखेच होते म्हणून, की त्या दिवशी माझंच डोकं दुखत होतं? मी उत्तरच पाठवलं नाही. लाज वाटली.

पुढे 31 डिसेंबर 2020 ला ॲडोबीने फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि 12 जानेवारी 2021 पासून प्लेअरने खेळ चालवणंच बंद केलं. फ्लॅशपॉइंटवाल्यांनी, इंटरनेट अर्काइव्हने खूप खेळ वाचवले. 'रफल' नावाचा प्रोग्राम आहे, त्यात जुने खेळ आजही चालतात. पण त्यासाठी मूळ फाइल कोणीतरी जपून ठेवलेली लागते. हंड्याचा खेळ मी सगळीकडे शोधला. शेवटी धीर करून त्या मुलालाच मेल केला. त्याचा तो जुना कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेला होता. त्या खेळाबद्दल नेटवर आता मला एकच गोष्ट सापडते, माझी ती ओळ. दोन मिनिटांत बंद केला.

बरं, प्रश्न घेऊ. काका, तुमच्यापासून सुरुवात करू या.