न दुखणाऱ्या गाठीची घाई

‘दुखत नाही ना? मग राहू दे!’ अंगावरच्या गाठीबद्दल घरोघरी हाच निवाडा होतो. मर्केल पेशींच्या कर्करोगाचं नेमकं तिथेच फावतं. हा दुर्मीळ कर्करोग बहुधा पन्नाशीनंतर, उन्हाला उघड्या पडणाऱ्या चेहऱ्यावर, मानेवर किंवा हातावर उठतो. गाठ टणक आणि लालसर-जांभळट असते. सावळ्या त्वचेवर तो रंग चटकन कळत नाही. ती दुखत नाही, पण आठवड्यागणिक वाढते. अमेरिकेत 2008 साली 195 रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तर निम्म्याहून अधिक गाठी डॉक्टरांनाही सुरुवातीला साध्याच वाटल्या होत्या.

त्वचा कशी चकवते, हे कोलकात्याने शंभर वर्षांपूर्वीच पाहिलं आहे. काळा आजार या परजीवींमुळे होणाऱ्या तापातून बऱ्या झालेल्या काहींच्या अंगावर कुष्ठरोगासारख्या गाठी येत. डॉक्टर उपेंद्रनाथ ब्रह्मचारींनी 1922 मध्ये तिथे दाखवून दिलं की, त्या गाठींत काळा आजाराचेच परजीवी दडलेले असतात. डोळ्यांना जे कळलं नाही, ते सूक्ष्मदर्शकाने सांगितलं.

मर्केलच्या गाठीचंही तसंच. तुकडा काढून पाहिला की लहान, गोल, गर्द निळ्या पेशी दाटीवाटीने दिसतात. फुप्फुसाचा एक कर्करोगही हुबेहूब असाच दिसतो! मग सीके-20 या प्रथिनाची चाचणी करतात. मर्केलच्या गाठीत ते बहुधा पेशीकेंद्राशेजारी एकाच ठिपक्यात एकवटतं, कपाळावरच्या टिकलीसारखं.

फ्रीडरिश मर्केल यांनी 1875 मध्ये वर्णन केलेल्या स्पर्शपेशींचं नाव या रोगाला मिळालं. पण तो त्याच पेशींतून उगवतो का, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. 2008 मध्ये पिट्सबर्गच्या संशोधकांना 10 पैकी 8 गाठींत एक नवाच विषाणू सापडला. गंमत अशी, की तो बहुतेकांच्या त्वचेवर आयुष्यभर निमूट राहतो. प्रतिकारशक्ती खचली, विषाणूचा तुकडा पेशीच्या डीएनएत अडकला, तर क्वचित अनर्थ होतो. विषाणू नसलेल्या गाठींमागे बहुधा उन्हातले अतिनील किरण असतात.

शस्त्रक्रिया आणि किरणोपचार हे मुख्य उपाय. 2017 पासून प्रतिकारशक्तीला जागं करणारी औषधंही मिळू लागली. मात्र रोग लवकर लसिकाग्रंथींत पोचतो. म्हणून गाठ भराभर वाढत असेल, तर ती दुखायची वाट पाहू नये. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवून तुकड्याची तपासणी करायची का, हे विचारावं.