तटाला तोफा लावून ओलीस सुटतात का?

मॅगडालाच्या किल्ल्यावरचा लेखांक वाचून देवासच्या एका वाचकांनी सरळ विचारले आहे : मुंबई इलाख्याची फौज १८६८ मध्ये हबसाणात (आजच्या इथिओपियात) उतरून मिशनऱ्यांना सोडवून आणते, मग येमेनमधल्या एडनहून पळवलेल्या फादर टॉम उळुन्नालिल यांच्यासाठी भारत सरकारला अठरा महिने का लागले? अफगाणिस्तानात हेरातजवळून पळवलेल्या फादर प्रेमकुमार यांची हकिकत आज द्यायची होती. ती पुढच्या आठवड्यावर टाकतो. कारण फौजेमुळे ओलीस सुटतात हे या प्रश्नात गृहीतच धरले आहे, आणि ते तपासल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

मॅगडालाच्या तारखा ओळीने लावून पाहा. सेनापती नेपियरची फौज जवळ आली तसे ९ एप्रिलला हबसाणच्या थिओडोर राजाने आपल्या ताब्यातल्या कित्येक हबशी कैद्यांना मारून कड्यावरून खाली लोटले. १० तारखेला आरोगीच्या लढाईत त्याचे सैन्य मोडले. पुढच्या दोन दिवसांत त्याने मिशनरी स्टर्न, रोझेन्थाल आणि इतर युरोपीय कैद्यांना स्वतःहून इंग्रजांच्या छावणीत पाठवले. किल्ल्यावर हल्ला झाला तो १३ तारखेला, म्हणजे ज्यांच्यासाठी नव्वद लाख पौंडांच्या घरात खर्च झाला ते तेव्हा आत नव्हतेच. फौजेचा धाक नसता तर त्याने त्यांना सोडले असते का? नसते, हे मान्यच करायला हवे. पण धाक बसायला समोर राजा लागतो, त्याचा एक किल्ला लागतो आणि तो तिथून हलणार नाही अशी खात्री लागते. ९ तारखेला त्याचा राग युरोपीय कैद्यांवर निघाला असता, तर ही मोहीम आज कुणी आदर्श म्हणून सांगितली नसती.

ही खात्री नसली की काय होते, ते धारकरांच्या डोळ्यांसमोर आहे. ऑक्टोबर १८५७ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी धारच्या किल्ल्याच्या तटाला खिंडार पाडले. तुकडी आत शिरली, तर किल्ला ओस. अरब-मकराणी शिबंदी रातोरात निसटली होती. आत ओलीस असते तर ते एक तर शिबंदीबरोबर गेले असते, नाहीतर मागे त्यांची प्रेते मिळाली असती. एडनमध्ये तर किल्लाही नव्हता. ४ मार्च २०१६ ला बंदूकधारी मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या वृद्धाश्रमात शिरले, चार नन्ससह सोळा जणांना ठार केले आणि फादरना घेऊन गेले. सनामधली आपली वकिलात त्याआधीच, २०१५ मध्ये, जिबूतीला हलवलेली होती. वेढा घालायचा कुणाला?

उरते ती मध्यस्थी. त्यावरही आक्षेप आहे, आणि तो वजनदार आहे : मॅगडालाच्या आधी बोलणी करायला एडनहून गेलेले रस्सम, डॉ. ब्लँक आणि प्रिडो स्वतःच कैदेत पडले. खरे आहे. पण रस्सम राणीच्या सरकारचाच माणूस होता, आणि आपल्या पत्राला उत्तर दिले नाही म्हणून थिओडोरचा राग नेमका त्याच सरकारवर होता. भांडणातला एक पक्ष मध्यस्थ होऊ शकत नाही. ओमान होऊ शकला, कारण येमेनच्या युद्धात तो सौदीच्या आघाडीबाहेर राहिला होता आणि सगळ्यांशी त्याचे बोलणे चालू होते. जुलै २०१७ मध्ये येमेनच्या परराष्ट्रमंत्र्यांनी दिल्लीत सुषमा स्वराज यांना फादर जिवंत असल्याचे सांगितले. १२ सप्टेंबरला फादर सुटून ओमानची राजधानी मस्कतला पोहोचले. खंडणी दिल्याचे सरकारने नाकारले.

मधल्या काळात आलेल्या एका व्हिडिओत, आपण युरोपीय पाद्री असतो तर जगाने जास्त लक्ष दिले असते, असे फादर म्हणताना दिसतात. सरकार ढिम्म होते याचा पुरावा म्हणून अजूनही त्यावर बोट ठेवले जाते. पण कॅमेरा पळवणाऱ्यांच्या हातात होता, आणि दिल्लीवर दबाव वाढवणे हेच त्यांच्या सोयीचे होते. घरच्यांनी ते ऐकून काय सोसले असेल, हे मी कमी लेखत नाही. मात्र त्या दबावाखाली सरकारने घाईने जाहीर काही केले असते, तर मस्कतच्या वाटाघाटींत पळवणाऱ्यांची मागणी आणखी चढली असती. प्रेमकुमार आठ महिन्यांत सुटले. ते कसे, हे पुढच्या लेखांकात.