भोर-वेल्ह्याचे चढणीचे मासे

‘गारा मुल्या’ हे एका माशाचे शास्त्रीय नाव आहे. ऐकायला परके वाटते ना? पण यातला ‘मुल्या’ म्हणजे आपला मळ्या! कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली. नवी नावे ठेवताना त्याने इथल्या लोकांच्या तोंडची नावे घेतली. खुद्री (दख्खनचा महसीर) आणि शिंगटी ही नावेही अशीच जगभरच्या ग्रंथांत जाऊन बसली.

मी भौतिकशास्त्राचा शिक्षक. मासे हा माझा विषय नव्हे. पण मळ्याने मला एक धडा दिला. नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी या भोर-वेल्ह्याच्या नद्या पावसाळ्यात केवढ्या वेगाने धावतात! पाण्याचा वेग दुप्पट झाला, की त्यातल्या वस्तूवरचा रेटा सुमारे चौपट होतो. मग बोटभर मासा वाहून कसा जात नाही? खडकाला अगदी लागून असलेले पाणी घर्षणामुळे फार सावकाश सरकते. मळ्या तिथेच पोट टेकून राहतो आणि खालच्या ओठामागच्या गोल चकतीने खडक धरून ठेवतो. खडकावरचे शेवाळ हेच त्याचे अन्न. (पाणी ओसरल्यावर, मोठ्या माणसाला बरोबर घेऊन, एक पान ओढ्याच्या मधल्या धारेत आणि दुसरे दगडाच्या आडोशाला सोडून पाहा.)

अशा नदीवर धरण झाले की काय होते? वेळवंडीवरचे भाटघर धरण १९२८ मध्ये पुरे झाले. पुढे नीरेवर देवघरला आणि कानंदीवरही धरणे झाली. या पाण्यावर शेती पिकते, तेव्हा धरणे नकोत असे मी म्हणणार नाही. पण पाणी थांबले की गाळ खाली बसतो आणि शेवाळ धरलेले खडक त्याखाली जातात. टिलापिया मात्र तिथे सुखाने वाढतो. हा आफ्रिकेतला मासा १९५२ साली भारतात आणला गेला. त्याची मादी अंडी तोंडात सांभाळते; तिला पुराची गरज नसते.

आपल्या बऱ्याच माशांना ती असते. पहिला गढूळ लोंढा आला, की अंड्यांनी भरलेले मासे प्रवाहाविरुद्ध वर निघतात. ओढ्यात, ओहळात, भातखाचरातसुद्धा शिरतात. हेच चढणीचे मासे. धरणाची भिंत त्यांना चढता येत नाही. आणि जिथे वाट मोकळी आहे, तिथे आपण जाळे घेऊन उभे! लहानपणी मीही टोपली घेऊन उभा राहिलो आहे. गाभोळी भरलेला मासा चवीला उत्तम, हे खरेच. पण त्या गाभोळीत पुढच्या वर्षीचे मासे असतात, हे तेव्हा मला कुणी सांगितले नव्हते.

घाट उतरून महाडकडे गेलात, तर काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह लागतो. तो वरदायिनी देवीचा मानतात. तिथले महसीर कोणी मारत नाही. उलट लोक त्यांना खाऊ घालतात. तुमच्या गावाजवळ असा राखलेला डोह आहे का, किंवा पूर्वी होता का, हे आजी-आजोबांना विचारा. आणि येत्या पावसाळ्यात कोणता मासा कोणत्या तारखेला चढला, ते वहीत लिहून ठेवा. नाव मात्र गावात म्हणतात तेच लिहा.