पिकअपमध्ये सिमेंट-वाळू किती भरावी?



उसाचे बिल हाती आले की आपल्या बारामती-इंदापूर भागात घराचे, गोठ्याचे, विहिरीचे बांधकाम निघते. माल आणायला घरची नाहीतर शेजाऱ्याची पिकअप असतेच. दुकानदार विचारतो, "किती पोती टाकू?" आणि आपण म्हणतो, "बसतील तेवढी टाका!" इथेच चुकते. गाडीत माल किती बसतो आणि गाडीला किती सोसतो, या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

हिशेब उसाच्या वजनकाट्यासारखाच आहे. भरलेल्या वजनातून रिकामे वजन वजा केले की निव्वळ माल. गाडीच्या आर. सी. पुस्तकात दोन्ही वजने दिलेली असतात. समजा, रिकामे १३०० किलो आणि भरलेले जास्तीत जास्त २७०० किलो. फरक १४०० किलो, म्हणजे सिमेंटची २८ पोती. पण थांबा! ड्रायव्हर आणि दोन हमाल यांचे मिळून २१० किलो त्यातच आले. उरले ११९०. रस्ता खराब म्हणून दहावा हिस्सा सोडा, राहिले १०७०. पन्नास किलोची २१ पोती झाली की हात आखडावा. नंतर लोखंडी जाळी बसवली असेल, तर रिकामी गाडी एकदा काट्यावर घालून खरे वजन बघा.

वाळू तर फारच फसवते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. कोरडी वाळू साधारण साडेचार टन भरते. ८ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद हौद्यात वरील गाडीला कोरडी वाळू सहा इंच पुरे, ओली असेल तर पाचच इंच. फाळका निम्मासुद्धा भरलेला दिसत नाही, पण गाडी भरलेली असते! पक्क्या विटा हजारी सुमारे तीन टन. बारा मिलिमीटरची १२ मीटर सळई पावणेअकरा किलो.

स्वतःचीच गोष्ट सांगतो. घर बांधताना "एकाच खेपेत उरकू" म्हणून मी जादा पोती टाकायला लावली. कालव्याच्या कडेने येताना समोरून बैलगाडी आली. ब्रेक दाबला, पण गाडी थांबता थांबेना. भरावाच्या कडेवर चाक टेकले तेव्हा कुठे थांबली. वाचवले ते डीझेल एका खेपेचे, आणि पणाला लागले होते तीन जीव. ब्रेक, पाटे आणि टायर ठराविक वजनापुरतेच बनवलेले असतात, हे त्या दिवशी कळले.

माल मागच्या चाकांच्या पलीकडे लादू नये. पुढचा भाग हलका होऊन स्टिअरिंग ऐकत नाही. सळया मागे लोंबत ठेवू नयेत. अंधारात मोटारसायकलवाल्याला त्या दिसत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार जादा भाराला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. पण दंडाचे सोडा. घर ज्यांच्यासाठी बांधायचे, ती माणसे सुखरूप घरी आली पाहिजेत. दोन खेपा करा.

— ऊस विकास अधिकारी