अनोळखी पाहुण्याशी चार शब्द

इटलीतील नेपल्स शहरात एक हृद्य प्रथा आहे. एखादा सुखवस्तू ग्राहक स्वतः एक कॉफी पितो आणि पैसे दोन कॉफींचे देतो. दुसरी कॉफी मागाहून येणाऱ्या गरजू, अनोळखी माणसासाठी असते. याच नगरीतील पिझ्झा भाजणाऱ्या कारागिरांच्या कलेस २०१७ साली युनेस्कोने मानवजातीच्या वारशात स्थान दिले. त्या कलेत पीठ मळणे आणि लाकडाच्या भट्टीत भाजणे जसे येते, तसाच भट्टीपुढे उभ्या असलेल्या ग्राहकाशी रंगणारा संवादही येतो. त्या पिझ्झ्यावरील टोमॅटो मूळचा अमेरिकेचा. परका म्हणून आला आणि घरचा झाला. आपल्या गोमंतकीय हुमणातील मिरचीही त्याच खंडातली, पोर्तुगीजांच्या काळात येथे रुजलेली. मग दारी आलेल्या परदेशी प्रवाशाने सोलकढीविषयी वा नागपंचमीच्या पातोळ्यांविषयी विचारले, तर आपण संकोचाने गप्प का बसावे? पातोळ्यांना हळदीच्याच पानाचा वास का हवा, हे परक्याला समजावून सांगताना आपल्या मुलांच्याही कानी ते पडेल. वारसा पुढे जातो तो असाच, असे आम्हांस वाटते.