खाली सरकवला की बंद पडणारा तक्ता

वर्गातल्या साठ मुलांची नावे व गुण दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम आपण मॅक संगणकावर 'ऑब्जेक्टिव्ह-सी' भाषेत लिहिला आहे, असे समजा. खिडकी उघडते, पहिल्या पंधरा ओळी दिसतात. तक्ता खाली सरकवायला जावे तर प्रोग्रॅम एकदम बंद! नुकते भरलेले गुणही गेले. पुन्हा चालवला, तर या वेळी चाळिसाव्या ओळीपर्यंत सुरळीत. चूक तक्त्यात असावी असे आपल्याला वाटते. बहुधा ती तिथे नसतेच.

गंमत अशी की नावे-गुण तक्त्याजवळ नसतातच. सोळावी ओळ दिसायची वेळ आली की 'इथे काय लिहू?' असे तो माहिती पुरवणाऱ्या वस्तूला विचारतो, आणि ती आपल्या यादीत पाहून सांगते. पण तोवर यादी मेमरीत टिकायला हवी ना! ती आपल्याला हवी आहे असे किती जणांनी कळवले, याचा आकडा ठेवलेला असतो. 'रिटेन' म्हटले की तो एकाने वाढतो, 'रिलीज' म्हटले की घटतो. शून्य झाला की जागा दुसऱ्या कामाला मोकळी. आपण तयार यादी मागून घेतली, पण रिटेन करायला विसरलो, तर खिडकी उघडण्याचे काम संपताच ती सोडून दिली जाते. आपल्या हाती उरतो नुसता जुना पत्ता.

मोकळी झालेली जागा लगेच पुसली जातेच असे नाही. भाडेकरू गेला तरी दारावरची पाटी राहावी, तसा जुना मजकूर काही काळ राहतो. कधी पंधरा, कधी चाळीस ओळी चालतात त्या यामुळे.

प्रोग्रॅम कोसळल्यावरचा अहवाल तक्त्याकडे बोट दाखवतो, कारण चूक उघडकीस आली ती तिथे. अशा वेळी 'एनएसझॉम्बीएनेबल्ड' ही सोय चालू करावी. मग सोडलेली वस्तू नाहीशी न होता वेताळासारखी जागेवर बसून राहते, आणि कोणी तिला काही विचारले की आपण कोणत्या जातीची वस्तू होतो ते सांगून प्रोग्रॅम थांबवते. मात्र मेमरी मोकळी होत नसल्याने, शोध संपताच ही सोय बंद करायची.

२०११ साली आलेल्या 'एआरसी'मुळे रिटेन-रिलीज लिहिण्याचे काम कंपायलरच करू लागला. तरी माहिती पुरवणाऱ्या वस्तूला तक्ता आजही धरून ठेवत नाही. आताच्या मॅकवर ती नाहीशी झाली तर प्रोग्रॅम बंद पडत नाही. तक्ता नुसता कोरा दिसतो.