भाडं किरकोळ, किस्से घाऊक!

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. पण बांधलेलं घर भाड्याने देऊन पाहिलंय? तेही स्वस्तात? तर चला, बॅगा भरा. पहिला स्टॉप जर्मनी!

माहीत आहे का, आउग्सबुर्ग शहरात एका वसाहतीचं भाडं गेल्या 500 वर्षांत वाढलेलंच नाही? तिचं नाव फुगेराय. याकोब फुगर या गडगंज सावकाराने 1521 मध्ये ती गावातल्या गरजू कॅथलिक लोकांसाठी उभारली. आजचं भाडं 88 सेंट. महिन्याला नव्हे हो, वर्षाला! आपल्याकडचे जेमतेम शंभर रुपये. विजेचं वगैरे बिल वेगळं. मालक फुगर, पण भाडं काही फुगलं नाही!

फुकटात मात्र काहीच नाही. भाडेकरूंनी फुगर घराण्यासाठी रोज तीन प्रार्थना म्हणायच्या, ही मूळ अट आजही आहे. रात्री दहाला गेट बंद. त्यानंतर आलात तर 50 सेंट आणि मध्यरात्र उलटली तर 1 युरो. हिशेब लावा: एक लेट नाइट पार्टी वर्षाच्या भाड्यापेक्षा महाग!

इथे एक गवंडीही राहून गेला. नाव फ्रान्झ मोझार्ट. आडनाव ओळखीचं वाटतंय ना? संगीतकार मोझार्टचा पणजोबा!

मग 88 सेंटांत छप्पर कोण शाकारतं? जंगल! फुगरच्या ट्रस्टकडे मोठाली जंगलं आहेत, लाकडाचं उत्पन्न आहे, वर पर्यटकांच्या तिकिटांचा गल्ला. भाड्यावर तिथे काही अवलंबूनच नाही. हा मुद्दा जपून ठेवा, मुंबईत लागेल.

नेक्स्ट स्टॉप लंडन, साल 1865. ऑक्टेव्हिया हिल नावाची पंचविशीतली तरुणी. जॉन रस्किन या नामवंत लेखकाने 750 पाउंड घालून पॅरडाइस प्लेसमधल्या तीन कळकट घरांचा भाडेपट्टा घेतला आणि कारभार तिच्या हाती दिला. नाव पॅरडाइस, अवस्था नरकाची! रस्किनची अट एकच: दानधर्म नको, गुंतवणुकीवर वर्षाला पाच टक्के सुटले पाहिजेत.

आणि ते सुटले! कसे? ऑक्टेव्हियाबाई दर आठवड्याला स्वतः दारोदार जाऊन भाडं वसूल करायच्या. थकबाकी अजिबात खपवून घ्यायच्या नाहीत. पण खरी गंमत पुढे आहे. दुरुस्तीसाठी वर्षाची ठरावीक रक्कम बाजूला काढलेली असायची. तोडफोड कमी झाली तर उरलेल्या पैशांतून घरात काय सुधारणा करायची, ते भाडेकरू सांगणार! काचा फोडल्या की आपलाच तोटा. मग कोण फोडेल? घरमालकीच्या इतिहासात इतकी हुशार आयडिया मी तरी दुसरी वाचलेली नाही. पुढे याच बाईंनी ब्रिटनचा प्रसिद्ध नॅशनल ट्रस्ट स्थापन करायला हातभार लावला.

आता आपली मुंबई!

माहीत आहे का, बीडीडी चाळींच्या भिंतींत कापसाचा पैसा आहे? 1920च्या दशकात सरकारने या चाळी बांधायची योजना काढली आणि खर्चासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर 1 रुपया कर लावला. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून 207 चाळी. एकेका चाळीत 80 खोल्या, एकेक खोली 160 चौरस फुटांची.

आणि भाडेकरू? आलेच नाहीत! वरळीच्या कितीतरी खोल्या सुरुवातीला वर्षानुवर्षं रिकाम्या पडल्या होत्या. सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने तिथे चक्क तुरुंग थाटला. भाडं माफ, मुक्काम सक्तीचा!

160 हा आकडा मुंबईला भलताच लकी दिसतो. 2008च्या सुमारास एमएमआरडीएने भाड्याच्या घरांची योजना आणली. घर केवढं? 160 चौरस फूट! पनवेलजवळच्या कोनमध्ये पुढे अशी दोन-दोन घरं जोडून गिरणी कामगारांना 320 फुटांची मालकीची घरं दिली. वरळीत मात्र ऑगस्ट 2025 मध्ये बीडीडीच्या पहिल्या 556 कुटुंबांना 500 फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या.

चाळींचा विषय निघालाच आहे, तर परळच्या बीआयटी चाळीतल्या 50 आणि 51 नंबरच्या खोल्या ठाऊक आहेत? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं बिऱ्हाड तिथे तब्बल 22 वर्षं होतं.

मुंबईचं भाडंही फुगेरायसारखंच थिजलं बरं का! 1947च्या कायद्याने जुन्या जागांचं भाडं 1 सप्टेंबर 1940च्या आकड्यावर आणून बांधलं. फरक एवढाच की इथल्या घरमालकांकडे जंगल नव्हतं. दुरुस्ती थांबली, टेकू लागले. शेवटी सरकारनेच दुरुस्तीसाठी उपकर सुरू केला. अशा उपकरप्राप्त इमारती भरल्या 19,642! सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये हे गोठवलेलं भाडं आता वाजवी राहिलेलं नाही, असं सांगितलं. नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. म्हणजे 100 रुपये भाड्यावर वाढ 4 रुपये. त्यात कटिंगही येत नाही!

आणि पागडी, म्हणजे जागा भाड्याने घेताना मोजायची एकरकमी रक्कम? जी एकेकाळी गुपचूप, टेबलाखालून दिली जायची, तिला 1999च्या त्याच कायद्याने राजरोस मान्यता दिली. पागडी अखेर मानाची झाली!

इतिहास पुरे, आता तुमची पाळी! बदलापूर-विरारकडे छोटा फ्लॅट घेऊन भाड्याने द्यायचा विचार चाललाय? मग हे वाचाच. समजा, भाडं 6,000 आहे. भाडेकरू चांगला आहे, पण तुम्हाला 6,300 हवेत. तो गेला आणि फ्लॅट एकच महिना रिकामा राहिला. वर्षाची कमाई 72,000 वरून 69,300! भाडं वाढवून 2,700 घालवलेत, अभिनंदन!

'आपलं काय, तोंडी ठरलंय' म्हणणाऱ्यांसाठी ब्रेकिंग न्यूज. महाराष्ट्रात 11 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करारही नोंदवावाच लागतो आणि ती जबाबदारी मालकाची. नोंद नसेल तर वादात अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरं, उलट सिद्ध करायचं तुम्ही!

इन्कम टॅक्सवाले मात्र इथे दिलदार. मालमत्ता कर वजा जाता उरलेल्या भाड्यातून 30 टक्के सरसकट वजावट, दुरुस्तीचं एकही बिल न दाखवता. त्यातले थोडे त्या गळक्या नळावर खर्च करा की राव! आणि भाडं हातात पडलं की पावती द्या. कायद्याने ती द्यावीच लागते.